बाबा, आपण चर्चमध्ये जायचं का?



आजचा श्लोक गीतेच्या अठराव्या अध्यायातला, ६३ वा. सातशे श्लोकांच्या गीतेत इथून पुढे फक्त पंधरा श्लोक उरलेत. सगळं सांगून झालंय. आत्मा, कर्म, भक्ती, विश्वरूप, काही म्हणजे काही शिल्लक नाही. आणि आता भगवंत अर्जुनाला म्हणतात की गुपितातलं गुपित तुला सांगितलं, त्याचा नीट, पुरता विचार कर आणि मग तुझी जशी इच्छा असेल तसं कर.

खरं सांगतो, इतकी वर्षं मी या श्लोकावरून नुसता पुढे जायचो. सगळ्यांचं लक्ष ६६ व्या श्लोकाकडे असतं, जिथे भगवंत शरण ये म्हणतात. ६३ वा म्हणजे आपल्याला वाटेतलं स्टेशन वाटतं. यंदा मात्र गाडी इथेच थांबली, आणि ती थांबवली माझ्या दहा वर्षांच्या लेकीने.

झालं असं. एका रविवारी सकाळी आम्ही दोघं स्कूटरवरून गुरुवार पेठेतून येत होतो. पाच हौदाजवळच्या त्या उंच मनोऱ्यातून घंटा वाजायला लागल्या. एक नाही, एकामागून एक, वेगवेगळ्या सुरातल्या. ती मागून ओरडली, "बाबा, थांब ना!" मी थांबलो. ती मान वर करून ऐकत राहिली. मग म्हणाली, "बाबा, आपण आत जायचं का?"

मी म्हणालो, "जाऊ कधीतरी."

आई-वडिलांच्या भाषेत 'कधीतरी' म्हणजे काय ते तुम्हाला ठाऊक आहेच. आमच्या ऑफिसात त्याला 'बॅकलॉग' म्हणतात. पण पोरगी विसरली नाही. पंधरा दिवसांनी तिच्या रफ वहीच्या मागच्या पानावर मला एक यादी सापडली, 'बघायची चर्च'. पाच नावं होती. पुढे चौकोन काढलेले, बघून झालं की टिक करायला.

यादी बघून मला कौतुक वाटायला हवं होतं. वाटली भीती.

आमचं घर माळकऱ्यांचं. आजोबांनी शेवटपर्यंत आळंदीची वारी चुकवली नाही. मी रोज सकाळी सहाला उठून हरिपाठ म्हणतो, एक श्लोक वाचतो आणि तुमच्यासाठी चार ओळी लिहितो. 'सगळे मार्ग त्याच्याकडेच जातात' हे वाक्य मी इथे किती वेळा लिहिलं असेल! लिहायला फुकट होतं. त्या मार्गांपैकी एका मार्गावर माझी लेक चार पावलं टाकून बघते म्हणाली, तेव्हा त्या वाक्याची किंमत पहिल्यांदा कळली.

तरी गेलो. पहिला चौकोन पाच हौदाचा. दारावरचं नाव तिनेच वाचलं, 'पवित्र नाम देवालय'. ती चक्रावली. "बाबा, हे पण देवालयच म्हणतात?" मराठी ख्रिस्ती माणूस चर्चला देवालयच म्हणतो, हे मलाही नीट माहीत नव्हतं. आत गेल्यावर तिचे प्रश्न सुरू झाले. चपला का नाही काढायच्या? मूर्ती कुठे आहे? प्रदक्षिणा घालत नाहीत का? तिथल्या एका काकांनी सगळ्याची शांतपणे उत्तरं दिली. ती बाकावर पाचेक मिनिटं गप्प बसली. घरी ती पाच मिनिटं गप्प बसलेली मी झोपेतच पाहिली आहे.

बाहेर आल्यावर टपरीवर चहा घेताना मी तिला त्या जागेची एक गोष्ट सांगितली. १८९० साली याच पाच हौद मिशनमध्ये पुण्यातल्या काही मोठ्या मंडळींना व्याख्यानाला बोलावलं होतं. लोकमान्य टिळक होते, न्यायमूर्ती रानडे होते. व्याख्यानानंतर चहा-बिस्किटं आली. कुणी घेतली, कुणी नाही. पुढे नावं वर्तमानपत्रात छापून आली आणि पुण्यात केवढा गहजब झाला! ग्रामण्य झालं, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, रानड्यांसारख्या माणसाला प्रायश्चित्त घ्यावं लागलं.

"चहा प्यायल्याबद्दल?" ती हसून हसून लोळायची बाकी राहिली.

मीही हसलो. पण मनात आलं, सव्वाशे वर्षांनी माझ्या चहाला आज कुणी हसेल. मी ज्या गोष्टीला घाबरतोय तिला माझी पणतवंडं हसतील का? की ती भीती खरी आहे?

याचं उत्तर मिळायला वसईला जावं लागलं. माझ्या टीममधला एक मित्र वसईचा आहे, कॅथलिक. त्याने घरी बोलावलं, आणि रविवारी सकाळी आम्ही त्यांच्याबरोबर मिस्साला गेलो. प्रार्थना मराठीत, गाणी मराठीत, शेजारच्या बाकावर लुगडं नेसलेल्या दोन आज्या. फादरांचं प्रवचन तर आमच्या कीर्तनकारांनी ऐकावं इतकं सोपं. चर्च म्हणजे काहीतरी इंग्रजी, हा माझ्या डोक्यातला समज तिथे पहिल्या दहा मिनिटांत गेला. जाणारच. ख्रिस्ताची कथा मराठी ओव्यांत सांगणारं फादर स्टीफन्सचं क्रिस्तपुराण १६१६ साली छापलं गेलं. म्हणजे तुकोबांच्या बालपणी. आणि वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० साली उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते. ही माणसं आपल्या भाषेत पाहुणी नाहीत.

मग कम्युनियनची वेळ आली. लोक रांगेने पुढे जाऊ लागले. माझी लेक उठली आणि रांगेकडे निघाली. तिला वाटलं, प्रसाद. मी तिचा हात धरून खाली बसवलं. तिने चारचौघांत मोठ्याने विचारलं, "का? आपल्याला नाही?"

माझे कान लाल झाले. मित्राच्या आईने तिला जवळ घेतलं आणि हळू आवाजात सांगितलं, "बाळा, आमच्यासाठी तो नुसता खाऊ नाही. तो प्रभू स्वतः आहे, असं आम्ही मानतो. ते मानतो असं ज्याने कबूल केलंय, तोच घेतो. आमच्या पोरांनासुद्धा आधी शिकावं लागतं, मगच मिळतं."

परतीच्या वाटेवर ती फुगून बसली होती. म्हणाली, "आपल्या देवळात सगळ्यांना प्रसाद देतात."

आता मी काय सांगणार? 'हो, आपण किती मोठ्या मनाचे' असं म्हणणं सोपं होतं. पण ते खोटं झालं असतं. मी तिला चोखोबांची गोष्ट सांगितली. ज्या विठ्ठलासाठी त्यांनी अख्खा जन्म वेचला, त्याच्या देवळात त्यांना पाऊल ठेवू दिलं नाही. आजही त्यांची समाधी महाद्वारासमोर, बाहेर आहे. पंढरपूरचं दार सगळ्यांना उघडावं म्हणून साने गुरुजींना १९४७ साली उपोषणाला बसावं लागलं.

ती बराच वेळ खिडकीबाहेर बघत होती. मग म्हणाली, "पण बाबा, हे वेगळं आहे ना? चोखोबांना कधीच आत जाता आलं नसतं, काहीही केलं तरी. आणि मला मिळेल, जर मी ते मानलं तर."

मंडळी, हा फरक मला कुणी पुस्तकात दाखवला नव्हता. एक दार जन्मामुळे बंद असतं. ते अन्यायाचं दार. दुसरं दार शब्द दिल्याशिवाय उघडत नाही. ते अन्यायाचं नाही, ते गांभीर्याचं. आपण 'सगळं एकच' म्हणत त्यांच्या रांगेत उभे राहिलो तर आपण उदार होत नाही. त्यांनी दिलेल्या शब्दाला आपण खाऊच्या किमतीत काढतो. दुसऱ्याच्या श्रद्धेचा मान राखायचा तर आधी ती वेगळी आहे हे मान्य करावं लागतं.

एवढं बोलून ती थांबली असती तर मी हा लेख तिथेच संपवला असता. पण दोन मिनिटांनी तिने विचारलं, "बाबा, आणि मला ते खरंच मानावंसं वाटलं तर? तू रागावशील?"

मी म्हणालो, "बघू." म्हणजे पुन्हा बॅकलॉग.

घरी आल्यावर आईला सगळं कळलंच. आई चिडली नाही, ती रडवेली झाली. "अरे, तुझ्या आजोबांनी माळ घातली ती कशासाठी? गोव्यात काय झालं ते वाचलंयस ना?" वाचलंय. इन्क्विझिशन वाचलंय, पाडलेली देवळं वाचली आहेत. आईचं दुःख अडाणीपणाचं नाही. आणि वसईच्या त्या आईने लेकीला ज्या मायेने जवळ घेतलं, तेही खोटं नाही. लेक मोठी होईल तशी तिला दोन्ही सांगावं लागणार. एक लपवून दुसरं सांगितलं तर तो इतिहास राहत नाही, जाहिरात होते.

त्या आठवड्यात मी लक्ष्मीबाई टिळकांचं 'स्मृतिचित्रे' पुन्हा काढलं. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला, लक्ष्मीबाईंच्या माघारी. मग ताटातुटीची वर्षं. शेवटी १९०० साली त्याही ख्रिस्ती झाल्या, पण कुणाच्या मागे फरपटत नाही, तर स्वतः विचार करत करत, एकेक जुना समज स्वतःच सोडत. कॉलेजात असताना मी ते पुस्तक विनोदासाठी वाचलं होतं. या वेळी एकच गोष्ट डोळ्यांत खुपली. त्या घरात मन बदलण्याइतकंच ते एकमेकांपासून दूर, एकेकट्याने बदलणं जास्त दुखावून गेलं.

आणि मग लक्षात आलं की माझ्या हातात नक्की काय आहे. लेकीने पुढे काय मानावं, हे माझ्या हातात नाही. ते मला सांगत राहावं की नाही, एवढंच आहे. मी आज 'चर्च बंद' म्हटलं तर तिचं कुतूहल बंद होणार नाही. तिचं मला सांगणं बंद होईल. वहीच्या मागच्या पानावरची यादी पासवर्ड लावलेल्या फोनमध्ये जाईल. आपण सगळे त्या वयातून गेलोय, हे कसं होतं ते आपल्याला कुणी शिकवायला नको.

आता श्लोकाकडे परत येऊ. या श्लोकाआधी आणि नंतर काय आहे तेही बघायला हवं.

आधी काय आहे? सतरा अध्याय भरून अर्जुनाचे प्रश्न. भगवंत एकदाही 'गप्प बस, मी देव आहे' म्हणत नाहीत. स्वातंत्र्य दिलंय ते प्रश्नांची उत्तरं देऊन झाल्यावर.

नंतर काय आहे? ६४ व्या श्लोकात भगवंत म्हणतात, तू मला अतिशय आवडतोस, म्हणून तुझ्या हिताचं पुन्हा एकदा सांगतो. आणि मग ते आपलं मन उघडं करतात, माझा हो, मला शरण ये. म्हणजे क्रम असा की आधी मोकळीक, मग प्रेम, मग आपल्या मनातलं आर्जव. आपण आईबाप नेमका उलटा क्रम लावतो. आधी आर्जव, ते नाही ऐकलं तर प्रेम आखडतं घ्यायचं, आणि मोकळीक? ती कधीतरी. आणि ६७ व्या श्लोकात तर स्पष्टच आहे की ज्याला ऐकायचीच इच्छा नाही त्याला हे सांगू नकोस. बळजबरीने पाजायला ही गीता नाही.

तुमच्यातले काही जण म्हणतील, अर्जुन मोठा होता, ही दहा वर्षांची आहे. बरोबर आहे. म्हणूनच बघणं आणि ठरवणं यात आम्ही फरक करतो. बघायला वयाची अट नाही, ठरवायला आहे. नवीन माणसाला आपण पहिल्या दिवशी रीड-ओन्ली ॲक्सेस देतो ना, तसं. सगळं उघडून वाच, कळेना तर विचार. पण आयुष्यभराचा शब्द द्यायचा तो मोठी झाल्यावर, स्वतःच्या डोक्याने. हा नियम चर्चला लावतो तसाच माळेलाही लावतो. तिच्या गळ्यात मी अजून माळ घातलेली नाही.

कुणी तिसऱ्या अध्यायातला स्वधर्माचा श्लोक पुढे करेल, परधर्म भयावह म्हणून. पण तिथे विषय अर्जुनाच्या वाट्याला आलेल्या कर्तव्याचा आहे. आज फॉर्मवर 'धर्म' म्हणून जो रकाना असतो, तो गीतेच्या काळी नव्हता. माझ्या वाट्याला आलेलं कर्तव्य म्हणाल तर ते बापाचं आहे. तेच टाळून मी कुठला स्वधर्म सांभाळणार?

आणि नवव्या अध्यायात भगवंत म्हणतात की दुसऱ्या देवतांना श्रद्धेने भजणारेही मलाच भजतात, जरी रीत चुकीची असली तरी. यातला 'रीत चुकीची' हा भाग मी लपवत नाही. ख्रिस्ती माणूसही माझ्या रीतीबद्दल हेच म्हणेल. दोघांनी ते प्रामाणिकपणे म्हणावं आणि एका ताटात जेवावं, यात मला अडचण दिसत नाही. सातव्या अध्यायात तर भगवंत सांगतात की ज्याची जिथे श्रद्धा, ती तिथे मीच घट्ट करतो. श्रद्धा घट्ट करणं त्याचं काम. मी उगाच ते माझ्या टू-डू लिस्टवर घेऊन बसलो होतो.

पण सगळ्यात जास्त टोचलं ते हे. मी ६३ वरच भांडत होतो, माझं ६४ कुठे होतं? मी लेकीला माझ्या मनातलं कधी सांगितलं होतं? मी सकाळी सहाला कानात इअरफोन घालून हरिपाठ म्हणतो, तेव्हा ती झोपलेली असते. माझा विठ्ठल तिच्यासाठी बाबाच्या फोनमधलं एक ॲप होतं. वसईला तिने पहिल्यांदा चारशे माणसं एकत्र गाताना पाहिली, लहान पोरांना धरून. ती माझ्यापासून दूर चालली नव्हती. तिला जवळ घ्यावं असं मी काही मांडलंच नव्हतं.

आठ दिवसांनी, रात्री अंथरूण घालताना मी तिला उत्तर दिलं. "तू त्या दिवशी विचारलंस ना? मी रागावणार नाही. मला वाईट वाटेल. खूप वाटेल. कारण मला विठ्ठल फार आवडतो आणि तुलाही तो आवडावा असं मला वाटतं. पण ते माझं वाटणं आहे. तू मात्र मला सांगायचं. काहीही वाटलं तरी आधी मला सांगायचं."

ती म्हणाली, "मग मला सांग ना, तुला का आवडतो."

दहा वर्षांत तिला हे विचारावं लागलं. त्या रात्री आम्ही साडेअकरापर्यंत जागे होतो.

आता संध्याकाळी सात वाजता घरात हरिपाठ मोठ्याने होतो. ती कधी येऊन बसते, कधी नाही. अट काही नाही. यादीतली दोन चर्च अजून बाकी आहेत. पुढच्या महिन्यात क्वार्टर गेटजवळचं सिटी चर्च. सवाई माधवराव पेशव्यांनी आपल्या सैन्यातल्या ख्रिस्ती शिपायांसाठी त्याला जागा दिली होती. हे ऐकून आई म्हणाली, "पेशव्यांनी दिली? खरं की काय?" तिला अजून हे सगळं पटलेलं नाही. पण काल भाजी निवडताना तिने नातीला हळूच विचारलं, "तिथे बायका डोक्यावर पदर घेतात का गं?"

आजच्या अभ्यासासाठी एवढंच. मूल दुसऱ्याच्या देवळात जाऊ म्हणालं तर एकटं पाठवू नका, बरोबर जा. तिथली रीत आधी विचारून घ्या. जे त्यांच्या शब्दाचं आहे त्यात हात घालू नका, आणि घरी येऊन कशाची टिंगल करू नका. मग आज रात्री तुमच्या मुलाला, किंवा मूल नसेल तर घरातल्या कुणालाही, एकच गोष्ट सांगा. तुमचा देव तुम्हाला का आवडतो. ते सांगता आलं नाही, तर उद्या सकाळचा श्लोक वाचण्याआधी थोडा वेळ त्यावरच बसा. मी बसलो होतो.

राम कृष्ण हरी.